बोलता येत नाही तेव्हा: तोंडाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा

तोंडाच्या किंवा जबड्याच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झालेला रुग्ण शुद्धीवर येतो, तेव्हा त्याला बहुधा बोलता येत नाही. श्वासासाठी गळ्यात नळी असते, अन्नासाठी नाकात नळी असते, चेहरा सुजलेला असतो आणि मानेवर टाक्यांची लांब रेघ असते. त्याला काय होते आहे, हे दुसऱ्या कोणीतरी त्याच्याकडे पाहून ओळखावे लागते. रुग्णालयात असेपर्यंत हे काम आम्हा परिचारिकांचे असते, पण घरी गेल्यावर ते पत्नीकडे, मुलाकडे किंवा सुनेकडे जाते. मी नाशिकमध्ये अशा रुग्णांच्या विभागात अनेक वर्षे काम करते आहे. दिंडोरी, निफाड, येवला, सुरगाणा, पेठ या तालुक्यांतून आणि धुळे, नंदुरबार, जळगावकडून लोक येथे येतात. शस्त्रक्रिया कोणत्या डॉक्टरांनी केली याची चौकशी ते आवर्जून करतात, पण नंतरच्या सहा आठवड्यांत घरी काय पाहायचे, हे विचारायचे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आपल्या रुग्णाबाबत शेवटचा शब्द मात्र त्याच्या शल्यविशारदांचाच मानावा.

आपल्याकडे हा कर्करोग बहुधा गालाच्या आतल्या बाजूला आणि खालच्या हिरडीच्या खाचेत होतो, कारण तंबाखू-चुन्याची चिमूट, गुटखा आणि मशेरी तिथेच तासन् तास धरून ठेवलेली असते. गाठ काढताना तिच्याभोवतीचा निरोगी भाग आणि पुष्कळदा जबड्याच्या हाडाचा तुकडाही काढावा लागतो. ती पोकळी तशीच ठेवली तर गिळणे, बोलणे आणि ओठ मिटणे सारेच अवघड होते, म्हणून शरीराच्या दुसऱ्या भागातील ऊतक तिथे आणून बसवतात. त्याला आम्ही फ्लॅप म्हणतो, नातेवाईक ‘मांडीचे मांस गालाला लावले’ असे सांगतात. जीभ किंवा गालाच्या पातळ अस्तरासाठी मनगटाच्या वरची त्वचा घेतात, मोठ्या जागेसाठी मांडीची, आणि जबड्यासाठी पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे फिब्युला हे बारीक हाड घेतात. या पद्धतींत त्या ऊतकाची रोहिणी आणि नीला मानेतील रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. या वाहिन्यांचा व्यास एक ते तीन मिलीमीटर असतो आणि टाक्यांचा धागा केसापेक्षाही बारीक असतो. दुसरी पद्धत छातीच्या स्नायूची आहे. स्टीफन एरियन यांनी ती १९७९ मध्ये मांडली, आणि तीत रक्तवाहिन्या तोडाव्या लागत नसल्याने वेळ कमी लागतो व सूक्ष्मदर्शकाची गरज पडत नाही. रुग्णांची गर्दी असलेल्या आपल्या देशात ती आजही पुष्कळ केली जाते, आणि आपल्याला ‘साधी’ शस्त्रक्रिया मिळाली असा समज कोणी करून घेऊ नये.

शुश्रूषेची सुरुवात शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी व्हायला हवी. रुग्णाला स्पष्ट सांगावे की उद्या जागे झाल्यावर आवाज निघणार नाही, कारण हवा स्वरयंत्रापर्यंत न जाता गळ्यातील नळीतूनच आतबाहेर होईल. स्वरयंत्र काढलेले नसेल तर ती नळी निघाल्यावर आवाज परत येतो. हे आधी सांगितले नाही, तर माणूस शुद्धीवर आल्यावर घाबरतो, हातपाय झाडतो, नळ्या ओढतो, आणि ज्या तासांत त्याने शांत पडून राहायला हवे नेमक्या त्याच तासांत त्याचा रक्तदाब वाढतो. लिहिता येणाऱ्याला पाटी किंवा वही द्यावी. लिहिता न येणाऱ्यांसाठी आम्ही चित्रांचा तक्ता वापरतो: पाणी, दुखते आहे, श्वास कोंडला आहे, लघवी, थंडी वाजते, घरच्यांना बोलवा. सुरगाण्याकडच्या कोकणा बोली बोलणाऱ्या एका आजींना आमची प्रमाण मराठी नीट कळत नव्हती. त्या तक्त्यावर बोट ठेवून त्या रात्रभर आमच्याशी व्यवस्थित संवाद साधत होत्या, कारण आदल्या संध्याकाळी त्यांच्या नातीने प्रत्येक चित्र त्यांना समजावून दिले होते. मोबाइलवर लिहिणेही चालते, पण हाताची त्वचा घेतली असेल आणि तोच हात लिहिण्याचा असेल तर अडचण होते, हे आधी ध्यानात घ्यावे. ज्या हाताची त्वचा घेणार आहेत, त्या हाताला शस्त्रक्रियेपूर्वी सुई टोचू देऊ नये, ही गोष्ट नातेवाइकांनीही लक्षात ठेवली तर बरे.

रुग्ण दारू पीत असेल तर ते आधीच सांगावे. रोज पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, भास होतात, माणूस उठून पळू पाहतो, आणि नवीन जोडलेल्या रक्तवाहिन्यांना याहून मोठा धोका क्वचितच असतो. डॉक्टरांना आधी कळले तर औषधे देऊन हा त्रास बराचसा टाळता येतो. घरची अब्रू म्हणून ही माहिती लपवणाऱ्या कुटुंबांना मी हात जोडून विनंती करते की, निदान परिचारिकेला बाजूला घेऊन तरी सांगा.

पहिले तीन दिवस फ्लॅपचे असतात. रक्ताची गुठळी होण्याचा धोका पहिल्या ४८ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतो. २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने या शस्त्रक्रियेसाठी ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांत पहिले २४ तास फ्लॅप निदान दर तासाला पाहावा असे म्हटले आहे. आम्ही रात्री दोन वाजता, तीन वाजता बॅटरी घेऊन तोंडात पाहतो, तेव्हा ‘आता कुठे डोळा लागला होता’ असे नातेवाईक म्हणतात. त्यांचे म्हणणे मला समजते, तरीही ही तपासणी चुकवता येत नाही. निरोगी फ्लॅप आसपासच्या त्वचेसारखा किंवा किंचित फिका, हाताला उबदार आणि मऊ लागतो. बोटाने दाबून सोडला की दोन-तीन सेकंदांत त्याचा रंग परत येतो. तो पांढरा आणि गार पडला व रंग परत यायला वेळ लागू लागला, तर रक्त आत येत नाही. तो जांभळा झाला, फुगून टणक झाला, दाबल्यावर रंग झटकन परत आला आणि सुई टोचल्यावर काळसर रक्त आले, तर रक्त बाहेर जात नाही. हा दुसरा प्रकार अधिक आढळतो. अनुभवी केंद्रांत १०० पैकी ९५ किंवा त्याहून अधिक फ्लॅप टिकतात, पण गुठळी झाली तर काही तासांतच रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते, आणि जितका उशीर होतो तितकी फ्लॅप वाचण्याची शक्यता कमी होते. त्यामुळे रात्री पुन्हा सही मागितली, तर आधीची शस्त्रक्रिया फसली असा अर्थ काढून वाद घालण्यात वेळ घालवू नये.

या दिवसांत मानेवर काहीही आवळलेले चालत नाही, कारण रक्त घेऊन येणाऱ्या आणि नेणाऱ्या वाहिन्या तिथेच त्वचेखाली असतात. गळ्यातील नळीची पट्टीसुद्धा आम्ही पुष्कळदा बांधत नाही, नळी त्वचेला टाक्यांनी धरून ठेवतात. आमच्या वॉर्डात गावाकडून ताईत येतो, गंडा येतो, तुळशीची माळ येते. ती श्रद्धा मी कधीही मोडत नाही. त्या वस्तू ज्या हातावर शस्त्रक्रिया नाही त्या मनगटाला सैलसर बांधाव्यात किंवा उशाशी ठेवाव्यात, एवढे सांगते आणि आजवर सर्वांनी ऐकले आहे. डोक्याकडची बाजू साधारण ३० अंश उंच ठेवायची आणि मान कोणत्या बाजूला वळवायची नाही, ते डॉक्टरांना विचारून पलंगावर कागद लावायचा. फ्लॅपला थंडी सोसत नाही, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. निफाड पट्ट्यात आणि नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी दहा अंशांखाली जातो, त्या दिवसांत रुग्णाला पांघरूण पुरेसे असावे. मात्र फ्लॅपवर किंवा ज्या जागेची त्वचा काढली त्या जागेवर गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नये. तेथे संवेदना नसते, भाजले तरी रुग्णाला कळत नाही.

गळ्यातील नळीबद्दल लोकांना सर्वाधिक भीती वाटते आणि ती समजण्यासारखी आहे. नाकातून आत जाणारी हवा गाळली जाते, गरम आणि ओलसर होते. नळीतून जाणाऱ्या हवेला यांपैकी काहीच मिळत नाही, म्हणून कफ घट्ट होतो, त्याची खपली धरते आणि नळी बुजू शकते. म्हणून वाफ, सक्शन (यंत्राने कफ ओढून काढणे) आणि या नळीच्या आत बसणारी दुसरी, म्हणजे आतली नळी वेळोवेळी काढून धुणे हे सारे करावे लागते. घरघर ऐकू आली, मानेचे खड्डे श्वासाबरोबर आत ओढले जाऊ लागले, कपाळावर घाम आला आणि रुग्ण अस्वस्थ झाला, तर नळीत कफ आहे असे आधी समजावे. सूज उतरून रुग्ण खोकून कफ काढू लागला की बहुतेकांची नळी रुग्णालयातच निघते. त्यानंतर छिद्र बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप बुजते, आणि तोवर बोलताना किंवा खोकताना तेथील पट्टीवर बोटाने हलका दाब द्यायचा असतो.

काही रुग्णांना नळीसह घरी जावे लागते. अशा घरातील निदान दोघांनी आतली नळी काढणे, धुणे आणि बसवणे आमच्या समोर स्वतःच्या हातांनी करून दाखवल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नुसते पाहिलेले घरी आठवत नाही. नळीच्या तोंडासमोर स्वच्छ, ओलसर, पातळ गॉज असावा. द्राक्षबागेत फवारणी चालू असेल, खळ्यावर कांद्याचा पाला उडत असेल किंवा घरात चूल पेटत असेल, तर रुग्णाला तिथून दूर ठेवावे. आंघोळ गळ्याखालूनच घालावी. बरे वाटल्यावर रामकुंडावर स्नान करण्याची इच्छा अनेक जण व्यक्त करतात. गळ्यात छिद्र असेपर्यंत नदीत, विहिरीत किंवा शेततळ्यात उतरणे जिवावर बेतू शकते, तेव्हा ते स्नान पुढे ढकलावे. पूर्ण नळीच बाहेर आली किंवा आतली नळी धुऊनही श्वास मोकळा होत नसेल, तर १०८ क्रमांकाला फोन करून ताबडतोब जवळचे रुग्णालय गाठावे.

मानेतून निघणाऱ्या ड्रेनच्या नळ्यांत रोज किती द्रव जमतो ते आम्ही लिहून ठेवतो, आणि २४ तासांत तो साधारण २५-३० मिलीलीटरपेक्षा कमी झाला की नळी काढतात. त्यात अन्न सुरू झाल्यावर दुधासारखा पांढरट द्रव येऊ लागला तर लगेच सांगावे, विशेषतः डाव्या बाजूच्या मानेची शस्त्रक्रिया असेल तर. ज्या जागेचे ऊतक घेतले त्या जागेचीही काळजी घ्यावी लागते. हाताच्या जागेवर त्वचारोपण केलेले असते आणि ते चिकटेपर्यंत, म्हणजे साधारण पाच ते सात दिवस, पट्टी उघडत नाहीत, मात्र बोटे हलवत राहायची असतात. त्वचारोपणासाठी मांडीवरून जो पातळ पापुद्रा घेतात ती जागा चेहऱ्याहूनही जास्त चुरचुरते. तिथे चिकटलेली पट्टी ओढून काढू नये, खालची त्वचा तयार झाली की साधारण दोन आठवड्यांत ती आपोआप सुटते. पायाचे हाड काढले म्हणजे माणूस लंगडा होणार, ही भीती मात्र मनातून काढावी. शरीराचा भार मुख्यत्वे शेजारचे जाड हाड पेलते, आणि घोटा स्थिर राहावा म्हणून फिब्युलाचा खालचा व वरचा काही सेंटिमीटर भाग मुद्दाम तसाच ठेवतात. बहुतेक रुग्ण आधी वॉकर घेऊन आणि मग आधाराशिवाय चालू लागतात. डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिल्या दिवसापासूनच रुग्णाला खुर्चीत बसवणे, उभे करणे हिताचे असते. न्यूमोनिया आणि पायातील गुठळ्या टाळण्याचा तो सर्वांत सोपा उपाय आहे.

नाकातील नळीने द्यायच्या आहाराविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण घरी गेल्यावर सर्वाधिक हानी मी इथेच पाहते. शस्त्रक्रियेच्या आधीच हे रुग्ण नीट खाऊ न शकल्याने खंगलेले असतात, आणि घरी त्यांना प्रेमाने, दर दोन तासांनी, डाळीचे वरचे पाणी, नारळपाणी आणि चहा दिला जातो. त्याने पोट भरते, पण जखम भरायला लागणारी प्रथिने मिळत नाहीत. ५० किलो वजनाच्या रुग्णाला दिवसाला साधारण १५०० उष्मांक आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने लागतात. एक लिटर गाईच्या दुधात ३२ ग्रॅमच्या आसपास आणि एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात, यावरून उरलेला हिशेब घरीच मांडता येतो. शिजवलेली घट्ट डाळ, मऊ भात, भाज्या आणि चमचाभर तेल किंवा तूप मिक्सरमधून बारीक करून गाळणीने गाळून घ्यावे. चांगले उकडलेले अंडेही याच रीतीने देता येते. पेठ-सुरगाण्याकडची नागली फार चांगली, पण तिचे सत्त्व गार झाल्यावर घट्ट होते आणि नळी बुजवते. म्हणून ते पातळ करावे आणि कोमट असतानाच द्यावे. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा पांढरट द्रवाची तक्रार असेल तर आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेलेच द्यावे.

देण्याची रीतही तितकीच महत्त्वाची आहे. नाकपुडीपाशी नळीवर खूण केलेली असते, ती हललेली नाही हे प्रत्येक वेळी पाहावे. रुग्णाला बसवावे किंवा पाठीमागे उशा देऊन चांगले उंच करावे. सिरिंजचा दांडा काढून, ती वर धरून, अन्न स्वतःच्या भाराने उतरू द्यावे, दाब देऊन ढकलू नये. एका वेळी २०० ते २५० मिलीलीटर पुरे होते. अन्नाच्या आधी आणि नंतर ३० ते ५० मिलीलीटर पाणी सोडून नळी धुवावी आणि पुढे किमान अर्धा-पाऊण तास रुग्णाला आडवे करू नये. मध्येच ठसका लागला किंवा श्वास लागला तर तिथेच थांबावे. गोळ्या कुटण्यापूर्वी ती गोळी कुटायची आहे का, हे विचारून घ्यावे. नळी बाहेर आली तर घरी किंवा गावातल्या ओळखीच्या माणसाकडून ती परत घालून घेऊ नये, कारण तिच्या वाटेत ताजे टाके असतात.

तोंडाने खाणे कधी सुरू करायचे, हे जखम पाहून डॉक्टर ठरवतात. सर्व सुरळीत असेल तर बहुधा सात ते दहा दिवसांनंतर त्याचा विचार होतो, आधी शेक (म्हणजे किरणोपचार, रेडिएशन) झालेले असतील तर अधिक थांबतात. ‘एक घोट चहाने काय होते’ असे म्हणून जे नातेवाईक चोरून चहा पाजतात, त्यांना हे माहीत नसते की आतल्या टाक्यांमधून लाळ मानेत उतरली तर छिद्र पडते, त्यातून आठवडेच्या आठवडे लाळ गळते आणि पुढचे सर्व उपचार लांबतात. परवानगी मिळाल्यावरही फ्लॅपला चव, स्पर्श आणि उष्णता कळत नाही हे विसरू नये. चहा आधी दुसऱ्याने चाखून द्यावा. अन्न नव्या गालाच्या खाचेत साठते, म्हणून प्रत्येक खाण्यानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून, डॉक्टरांनी चूळ भरायला सांगितल्यापासून, तोंड स्वच्छ करावे. मांडीच्या किंवा छातीच्या त्वचेवर केस असतील तर ते तोंडातही वाढतात. त्याची किळस किंवा भीती बाळगू नये, शेक दिल्यावर ते पुष्कळदा गळून जातात.

घरी असताना पुढील गोष्टी दिसल्या तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये: ताप, मानेला वाढती लाली आणि सूज, जखमेतून घाण वास, मानेच्या टाक्यांतून लाळेसारखे पातळ पाणी, फ्लॅपचा रंग बदलणे, पोटरी दुखून सुजणे. आणि तोंडातून, गळ्यातील नळीतून किंवा मानेतून ताजे लाल रक्त आले, मग ते थोडे येऊन थांबले असले तरी, त्याच क्षणी निघावे. मानेतील मोठ्या रोहिणीला इजा झाल्यास असा लहान रक्तस्राव पुढच्या मोठ्या रक्तस्रावाची पूर्वसूचना असू शकतो. रक्त जोरात येत असेल तर स्वच्छ कापडाने त्या जागी बोटांनी घट्ट दाबून धरावे आणि वाटेत दाब सोडू नये.

खांदा का दुखतो, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक रुग्ण विचारतो. कर्करोग मानेतील लसिकाग्रंथींत, म्हणजे मानेच्या गाठींत पसरतो म्हणून त्या गाठीही काढतात. टाटा मेमोरियल रुग्णालयाचा जो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तोंडाचा कर्करोग लवकरच्या अवस्थेत असतानाही मानेतील गाठी त्याच वेळी काढल्याने अधिक रुग्ण जगतात असे दिसले. खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस या गाठींच्या मधूनच जाते. ती जपली तरी ताणली जाते, त्यामुळे हात वर जात नाही, खांदा खाली झुकतो. भौतिकोपचार तज्ज्ञांनी शिकवलेले व्यायाम रोज केले नाहीत, तर काही महिन्यांत सांधा आखडतो, आणि मग द्राक्षाच्या मांडवाखाली हात वर करून काम करणाऱ्या माणसाचे कामच थांबते. तोंड उघडण्याचेही तसेच आहे. निरोगी माणसाचे तोंड स्वतःची तीन बोटे उभी जातील इतके उघडते, आणि ३५ मिलीमीटरपेक्षा कमी उघडू लागले तर त्याला आखडलेले मानतात. डॉक्टरांनी सांगितल्यानंतर आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, काही वेळ ताण ठेवायचा आणि हळूहळू काडी वाढवायची. हा व्यायाम शेक चालू असताना आणि संपल्यानंतरही कित्येक महिने करावा लागतो, कारण शेकाने स्नायू पुढेही कडक होत राहतात. सर्व काळजीत हीच गोष्ट सर्वांत आधी सोडून दिली जाते, याचे मला फार वाईट वाटते. नंतर ते तोंड उघडणे अतिशय कठीण असते.

ज्यांना शेकाची गरज असते, त्यांचे शेक शस्त्रक्रियेपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत असा प्रयत्न असतो. बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असे सहा ते साडेसहा आठवडे ते चालतात. जखम वेळेत भरावी म्हणून आम्ही आहारासाठी, तोंडाच्या स्वच्छतेसाठी इतका आग्रह धरतो त्यामागे हा सहा आठवड्यांचा हिशेब आहे. शेकापूर्वी दातांची तपासणी करून काढायचे दात काढून घ्यावेत. शेक झाल्यावर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि दात काढलेली जागा भरून न येता हाड सडू शकते, म्हणून पुढे कधीही दंतवैद्याकडे गेल्यास शेक झाल्याचे आधी सांगावे. सुरगाण्याहून किंवा पेठहून घाट उतरत-चढत रोज येणे शक्य नसते. तेव्हा नाशिकमध्ये राहण्याची सोय कुठे होईल, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे पूर्ण आहेत का, हे डिस्चार्जच्या आधीच रुग्णालयातील आरोग्यमित्रांशी बोलून ठेवावे.

तंबाखूविषयी मी कठोर आहे. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, फ्लॅपला आणि जखमेला रक्त कमी मिळते, आणि दुसरा कर्करोग होण्याचा धोका कायम राहतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या मिळतात हे सर्वांना ठाऊक आहे. पण मला अधिक वेदना होतात त्या रुग्णाच्या उशाशी बसलेल्या भावाच्या खिशात तंबाखूची डबी दिसते तेव्हा. ज्या घरात आणखी तिघे जण चिमूट लावतात, त्या घरात एकट्या रुग्णाने ती सोडावी ही अपेक्षा अन्यायाची आहे. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी विनामूल्य मार्गदर्शन मिळते. घरातील सर्वांनी मिळून फोन करावा.

आणखी एक गोष्ट मी रोज पाहते. फेरीवर आलेले डॉक्टर रुग्णाला विचारतात, ‘काका, कसे वाटते?’ आणि उत्तर मुलगा देतो. काकांचा हात पाटीकडे गेलेला असतो, तो तसाच राहतो. बोलता येत नाही म्हणजे ऐकू येत नाही किंवा कळत नाही असे मुळीच नाही. दिंडोरीचे एक द्राक्ष बागायतदार छाटणीच्या दिवसांत आमच्याकडे होते. नातेवाईक त्यांच्यासमोरच त्यांच्या आजाराबद्दल आपसांत बोलत, आणि ते मान फिरवून पडून राहत. एके दिवशी त्यांनी पाटीवर ‘डावणी’ एवढेच लिहिले. द्राक्षबागेवर तो रोग आला आहे का, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. मुलाने शेजारी बसून फवारणीचा सगळा हिशेब त्यांना विचारला आणि त्यांनी पाटी भरून उत्तरे लिहिली. त्या दिवसापासून ते चालू लागले, व्यायामाला नकार देईनासे झाले. घरातील निर्णय रुग्णाला विचारूनच घ्यावेत, तो लिहीत असताना घाई करू नये, त्याचे वाक्य आपण पूर्ण करू नये. आवाज परत आल्यावर उच्चार अस्पष्ट येतात, लाळ गळते, ओठ मिटत नाही. वाचा-उपचार तज्ज्ञांची मदत घेतली तर बोलणे आणि गिळणे या दोन्हींत सुधारणा होते, आणि ती मदत जितकी लवकर सुरू होईल तितके चांगले.

आरशाची वेळ रुग्णाने ठरवावी. पहिल्या आठवड्यातील सूज कायमची नसते, ती उतरायला काही महिने लागतात, हे आधी सांगून मग आरसा द्यावा, आणि जवळच्या एकाने सोबत असावे. स्त्रिया घरी गेल्यावर पदराआड राहतात, लग्नकार्याला जाणे टाळतात, पुरुष तोंडाला गमछा बांधून फिरतात. त्यांना सक्तीने बाहेर काढू नये, पण पंगतीतही वेगळे बसवू नये. हा रोग शेजारी बसून, एका ताटात जेवून कोणाला लागत नाही. झोप उडाली, माणूस दिवसचे दिवस गप्प राहिला, जगण्यात अर्थ नाही असे लिहू लागला, तर त्याला मानसोपचार तज्ज्ञांकडे न्यावे. हा त्याच्या मनाचा कमकुवतपणा मानू नये.

पुढील तपासण्या पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर दोन ते सहा महिन्यांनी आणि पाचव्या वर्षापर्यंत दर चार ते आठ महिन्यांनी असतात. मानेला शेक झाले असतील तर थायरॉइडची रक्ततपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करावी, कारण थकवा आणि सुस्ती यांचे कारण कित्येकदा तिथे सापडते. येताना डिस्चार्जचे कागद, गाठीच्या तपासणीचा अहवाल आणि शेकाचा तपशील एकाच फाइलमध्ये आणावा. दर आठवड्याला केलेली वजनाची नोंदही बरोबर असावी. आणि तपासणीच्या खोलीत रुग्णाला पुढच्या खुर्चीवर बसवावे, पाटी अजून लागत असेल तर ती त्याच्या हातात द्यावी, आणि पहिले उत्तर त्याला देऊ द्यावे.